कॅसेट १९७७ ची नव्हे, १९७६ ची

मा. संपादक,
सविनय नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत घरगुती व्हिडिओ गेमच्या इतिहासावर आलेला लेख वाचला. एरवी पोरखेळ म्हणून बाजूला टाकल्या जाणाऱ्या विषयाला आपण पुरवणीचे अख्खे पान दिलेत, याचा मला फार आनंद झाला. लेखाची भाषा सोपी आहे आणि अलीकडच्या यंत्रांची माहितीही नीट दिलेली आहे. मात्र लेखाच्या सुरुवातीलाच एक विधान असे आले आहे की, ते दुरुस्त झाले नाही तर चुकीची माहिती कात्रणांतून आणि शाळेच्या प्रकल्पांतून पुढे जात राहील. घरगुती व्हिडिओ गेम अटारी या अमेरिकन कंपनीने सुरू केले आणि बदलता येणारी कॅसेटही १९७७ साली अटारीनेच पहिल्यांदा आणली, असे ते विधान आहे. त्याचे दोन्ही भाग चुकीचे आहेत. घरातल्या टीव्हीला जोडायचे पहिले व्हिडिओ गेम यंत्र १९७२ साली विक्रीला आले आणि ते मॅग्नावॉक्स कंपनीचे होते. ज्या कॅसेटमध्ये खेळाचा प्रोग्राम साठवलेला असतो, ती कॅसेट नोव्हेंबर १९७६ मध्ये फेअरचाइल्ड या कंपनीने बाजारात आणली.

हे मी एवढ्या आग्रहाने का लिहितो आहे, ते सांगायला हवे. सांगली जिल्ह्यात मी तीस वर्षांहून अधिक काळ रेडिओ आणि टीव्ही दुरुस्तीचे दुकान चालवले. नव्वदच्या दशकात उन्हाळ्याची सुट्टी लागली की टीव्हीपेक्षा टीव्ही गेमच जास्त दुरुस्तीला यायचे. निन्टेन्डो या जपानी कंपनीने १९८३ साली काढलेल्या फॅमिकॉम या यंत्राच्या त्या स्वस्त नकला होत्या. सोबत एक अॅडॉप्टर, दोन हँडल, एक बंदूक आणि काळ्या किंवा पिवळ्या रंगाची कॅसेट असे. तक्रार बहुतेक वेळा एकच असायची : ‘कॅसेट लागत नाही.’ मुले कॅसेट बाहेर काढायची, तिच्या तोंडाशी जोरात फुंकर मारायची आणि पुन्हा घालायची. एकदा पाचवी-सहावीतला एक मुलगा वडिलांचे बोट धरून आला आणि रुमालात गुंडाळलेली कॅसेट त्याने माझ्या टेबलावर अशी ठेवली, जणू आजारी पक्षीच आणला आहे. मी मागचा स्क्रू काढून ती उघडली. आत तळहाताहून लहान हिरवी पट्टी, तिच्यावर काळ्या लाखेसारखा एक ठिपका आणि खालच्या कडेला पुढून-मागून मिळून साठ बारीक पिना होत्या. वारंवार फुंकल्याने तोंडातला ओलावा बसून त्या काळ्या पडल्या होत्या. मी त्यांच्यावरून साधा खोडरबर फिरवला, स्पिरिटचा बोळा फिरवला आणि कॅसेट लागली. खरे तर फुंकरीने काहीच होत नसे. कॅसेट काढून पुन्हा घातल्यामुळे पिना नव्या जागी घासून संपर्क जुळायचा.

अशा शेकडो कॅसेट हाताखालून गेल्यावर माझ्या मनात एक प्रश्न घर करून बसला. चालू यंत्राच्या मेंदूचा एक भाग बाहेर काढायचा आणि दुसरा घालायचा, तोही लहान मुलांच्या हातून, दिवसातून दहा वेळा, ही कल्पना पहिल्यांदा कोणी प्रत्यक्षात उतरवली असेल? आमच्या धंद्यात सर्किटचा जोड म्हणजे सर्वांत नाजूक जागा. तिला जितका कमी हात लागेल तितके बरे. निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा मी या प्रश्नाच्या मागे लागलो, जुनी पेटंटे आणि त्यांतल्या आकृत्या पाहिल्या, न्यायालयांचे निकाल वाचले. त्यातून जे कळले ते पुरवणीतल्या लेखापेक्षा फार वेगळे आहे.

सुरुवात राल्फ बेअर यांच्यापासून करावी लागते. त्यांचा जन्म १९२२ साली जर्मनीत एका ज्यू कुटुंबात झाला. ज्यू म्हणून त्यांना शाळेतून काढण्यात आले आणि १९३८ साली हे कुटुंब देश सोडून अमेरिकेला गेले. न्यूयॉर्कमध्ये कारखान्यात काम करता करता त्यांनी टपालाने रेडिओ दुरुस्तीचा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि रेडिओ दुरुस्त करण्याचे काम केले. हे वाचले तेव्हा मला एकदम आपल्या माणसाची भेट झाल्यासारखे वाटले. पुढे, दुसऱ्या महायुद्धात सैन्यात काम केल्यानंतर, त्यांनी टेलिव्हिजन अभियांत्रिकीची पदवी घेतली. १९५१ साली लोरल या कंपनीत टीव्ही संच तयार करण्याचे काम चालू असताना त्यात काहीतरी खेळ घालावा, असे त्यांनी सुचवले होते. वरिष्ठांनी ते कानाआड केले. ती कल्पना पंधरा वर्षे त्यांच्या डोक्यात पडून राहिली. ३१ ऑगस्ट १९६६ रोजी न्यूयॉर्कच्या एका बस स्थानकावर सहकाऱ्याची वाट पाहत असताना त्यांनी काही टिपणे केली आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयात बसून चार पानांचा आराखडा लिहून काढला.

त्या वेळी ते न्यू हॅम्पशर राज्यातील सँडर्स असोसिएट्स या संरक्षण साहित्य बनवणाऱ्या कंपनीत होते. लष्करासाठी उपकरणे करणाऱ्या जागी टीव्हीवरचा खेळ करणे म्हणजे विषय सोडून वागणेच होते. तरीही संशोधन विभागाच्या प्रमुखांनी मजुरीसाठी २,००० आणि सामानासाठी ५०० डॉलर मंजूर केले. बिल हॅरिसन या तंत्रज्ञाने हाताने जोडणी केली. बिल रश या अभियंत्याने पडद्यावर तिसरा, यंत्राने चालवायचा ठिपका आणावा असे सुचवले, आणि त्या ठिपक्याचाच चेंडू झाला. एकामागून एक नमुने होत गेले. सातव्या नमुन्याला लाकडासारखा दिसणारा चिकट कागद लावलेला होता, म्हणून त्याला ‘ब्राऊन बॉक्स’ म्हणजे तपकिरी डबा हे नाव पडले. तो आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. टीव्ही बनवणाऱ्या कंपन्यांना दाखवत दाखवत शेवटी मॅग्नावॉक्सशी करार झाला, आणि सप्टेंबर १९७२ मध्ये ‘ओडिसी’ हे यंत्र सुमारे १०० डॉलरला विक्रीला आले.

ओडिसी आतून कसे होते, हे सांगितल्याशिवाय पुढचा मुद्दा लक्षात येणार नाही. त्यात मायक्रोप्रोसेसर (प्रोग्राममधल्या सूचना वाचून काम करणारी चिप) नव्हता, मेमरी नव्हती, एकही आयसी (अनेक सुटे भाग एकाच तुकड्यात सामावणारी चिप) नव्हती. सुमारे चाळीस ट्रान्झिस्टर आणि चाळीस डायोड यांवर सगळा कारभार चालायचा. पडद्यावर दोन खेळाडूंचे दोन पांढरे चौकोनी ठिपके, एक चेंडूचा ठिपका आणि एक उभी रेघ एवढेच दिसे. आवाज नाही, रंग नाही, गुण मोजण्याची सोय नाही. उरलेला खेळ खोक्यात भरून दिलेला असे. टीव्हीच्या काचेवर चिकटवायचे रंगीत पारदर्शक प्लॅस्टिकचे पडदे, तेही लहान आणि मोठ्या टीव्हीसाठी दोन मापांत, शिवाय फासे, पत्ते, खोट्या नोटा आणि गुण लिहायचा कागद असे सगळे साहित्य होते. स्कीच्या खेळात बर्फाच्या उतारावरची नागमोडी वाट प्लॅस्टिकवर छापलेली असे आणि आपण आपला ठिपका त्या वाटेवरून न्यायचा असे. ठिपका वाटेबाहेर गेला तरी यंत्राला त्याचा पत्ता नसे. ते खेळणाऱ्याने प्रामाणिकपणे कबूल करायचे. चार माणसे टीव्हीसमोर बसून एकमेकांवर लक्ष ठेवताहेत, भांडताहेत आणि गुण लिहिताहेत, असा सारीपाटाच्या जातीचा तो खेळ होता, आणि मला त्याचे हे रूप फार आवडते.

आता कॅसेटच्या मुद्द्याकडे येतो. ओडिसीसोबत सहा कार्डे मिळायची. कार्ड बदलले की खेळ बदलायचा. त्यामुळे काही जण ओडिसीच्या कार्डालाच जगातली पहिली कॅसेट म्हणतात. माझ्या मते ते बरोबर नाही, आणि हे मी मेकॅनिक म्हणून सांगतो. त्या कार्डात साठवलेले काहीच नव्हते. ती केवळ तांब्याच्या रेघा असलेली पट्टी होती. यंत्राच्या सर्किटमधली कोणती दोन टोके एकमेकांना जोडायची, एवढेच ती ठरवायची. आमच्या भाषेत जंपर. खेळ यंत्रातच होते, कार्डाने फक्त त्यांतल्या जोडण्या बदलायच्या. यंत्र बनवताना ज्याचा विचारही झाला नव्हता असा खेळ दोन वर्षांनी नवे कार्ड घालून आणणे, हे अशा रचनेत जवळजवळ अशक्य होते. तरीही बदलत्या कार्डाची सवय लोकांच्या हाताला ओडिसीने लावली, हे मान्य करायलाच हवे.

ओडिसीच्या सुमारे ३,५०,००० प्रती खपल्या आणि १९७५ मध्ये तिची विक्री थांबली. हे यंत्र फक्त मॅग्नावॉक्सच्याच टीव्हीवर चालते, असा बऱ्याच गिऱ्हाइकांचा समज झाला होता आणि त्याचा खपावर परिणाम झाला. अटारीचे संस्थापक नोलन बुशनेल यांनी मे १९७२ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्लिंगेम येथे ओडिसीचे प्रात्यक्षिक पाहिले होते आणि तेथील पाहुण्यांच्या वहीत त्यांची सही आहे. त्यांच्या कंपनीचा ‘पाँग’ हा नाण्यावर चालणारा खेळ त्यानंतर, त्याच वर्षाच्या अखेरीस आला. मॅग्नावॉक्सने न्यायालयात धाव घेतली. अटारीने १९७६ मध्ये तडजोड करून परवाना घेतला. इतर कंपन्यांविरुद्ध चाललेल्या खटल्यात न्यायाधीशांनी १९७७ च्या जानेवारीत बेअर यांचे पेटंट या कलेतील आद्य पेटंट असल्याचा निर्वाळा दिला. आपल्या लेखात ‘पाँग’ला आरंभ मानले आहे. त्याच्या कारागिरीबद्दल मला आदरच आहे, परंतु आरंभ ठरवायचा तर न्यायालयाने नोंदवलेला हा क्रम डावलून चालणार नाही.

मधल्या काळाबद्दल थोडक्यात. जनरल इन्स्ट्रुमेंट कंपनीची २८ पिनांची एक आयसी १९७६ मध्ये सर्वांना विकत मिळू लागली. टेनिस, हॉकी, स्क्वॉश, सराव आणि बंदुकीचे दोन असे सहा खेळ तिच्या एका तुकड्यात होते. पूर्वी ज्याला चाळीस ट्रान्झिस्टर लागायचे ते काम नखाएवढ्या सिलिकॉनवर आले आणि ज्याला डबा व हँडल बनवता येते तो प्रत्येक जण टीव्ही गेमचा कारखानदार झाला. अमेरिकेत कोलेको कंपनीने या आयसीवरचा ‘टेलस्टार’ सुमारे ५० डॉलरला विकला. पुढे सोव्हिएत संघातला ‘तुर्निर’ आणि पूर्व जर्मनीतला ‘बीएसएस ०१’ यांच्या आतही हीच आयसी होती. शीतयुद्धाच्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना मुले अगदी तोच चेंडू त्याच पद्धतीने टोलवत होती. मात्र या सगळ्या डब्यांत एकच दोष होता : खेळ आयसीत कोरलेले, त्यामुळे सहा खेळ खेळून झाले की डबा माळ्यावर जायचा.

हा दोष ज्यांनी घालवला त्यांची नावे आपल्या लेखात कुठेही नाहीत. कनेक्टिकट राज्यातील अल्पेक्स कॉम्प्युटर कॉर्पोरेशन ही दुकानांतल्या हिशेबयंत्रांचे काम करणारी लहानशी कंपनी होती. तो धंदा बसल्यावर वॉलेस किर्शनर आणि लॉरेन्स हॅस्केल या दोघांनी इंटेलच्या ८०८० या मायक्रोप्रोसेसरवर चालणारे टीव्ही गेमचे यंत्र तयार केले. त्यात खेळाचा प्रोग्राम वेगळ्या पट्टीवरच्या मेमरी चिपमध्ये होता. पट्टी बदलली की यंत्राला नवा प्रोग्राम मिळायचा. इथे सर्किटच्या जोडण्या बदलायच्या नव्हत्या, तर नव्या सूचना वाचायच्या होत्या, आणि म्हणून खेळांच्या संख्येला मर्यादाच उरली नाही. परंतु तो नमुना म्हणजे तारांचा आणि उघड्या पट्ट्यांचा संसार होता, तो दुकानात ठेवता आला नसता. तो फेअरचाइल्डकडे आला आणि तपासण्याचे काम जेरी लॉसन या अभियंत्याकडे गेले.

जेरी लॉसन यांच्याविषयी थोडे सविस्तर लिहू द्यावे. त्यांचा जन्म १९४० साली ब्रुकलिनमध्ये झाला आणि ते न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या सरकारी वसाहतीत वाढले. ते कृष्णवर्णीय होते. पहिलीच्या वर्गात त्यांच्या बाकाजवळ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर या थोर कृष्णवर्णीय शास्त्रज्ञाचे चित्र होते आणि तुलाही असे होता येईल असे शिक्षिकेने सांगितले, ही आठवण त्यांनी मोठेपणी सांगितली होती. तेराव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी सुटे भाग जमवून घरातच हौशी रेडिओ केंद्र उभारले, आणि शाळकरी वयात लोकांचे टीव्ही दुरुस्त करून ते पैसे मिळवायचे. म्हणजे घरातल्या टीव्हीवर खेळ आणणारे बेअर आणि त्या खेळाची कॅसेट घडवणारे लॉसन हे दोघेही आमच्या दुरुस्तीच्या धंद्यातले. टीव्ही उघडून त्याच्या आत हात घातलेल्या माणसालाच तो केवळ पाहण्याची वस्तू वाटत नाही, असे मला अनुभवाने वाटते. लॉसन यांनी महाविद्यालयात काही काळ शिक्षण घेतले, पण पदवी घेतली नाही. १९७० साली ते फेअरचाइल्डमध्ये रुजू झाले आणि कंपनीचा एफ८ हा मायक्रोप्रोसेसर वापरून त्यांनी आपल्या गॅरेजमध्ये नाण्यावर चालणारा मोटारींच्या टकरीचा एक खेळही बनवला होता. त्यामुळे अल्पेक्सचा नमुना कोणाकडे द्यायचा, हा प्रश्न कंपनीपुढे फारसा नव्हता.

लॉसन यांच्या गटाने इंटेलची चिप काढून स्वतःच्या कंपनीची एफ८ बसवली. यांत्रिक बाजू रॉन स्मिथ यांनी सांभाळली आणि बाह्य रूप निक टॅलेसफोर यांनी घडवले. त्यांच्यापुढची अडचण मला माझ्या टेबलावरच्या कॅसेटमुळे नेमकी कळते. मेमरी चिप ही कारखान्यात एकदा सोल्डर करून बसवायची वस्तू होती. ती हजारो वेळा काढायची-घालायची म्हटल्यावर पिना झिजणार, धूळ बसणार आणि गालिच्यावरून चालत आलेल्या मुलाच्या बोटातल्या स्थिर विजेने चिप जळूही शकणार. असे यंत्र आधी कोणी केलेलेच नव्हते, त्यामुळे किती घर्षण चालेल आणि स्प्रिंग किती कडक हवी, याचे उत्तर कोणत्याही पुस्तकात मिळणार नव्हते. शेवटी त्यांनी गाण्यांच्या आठ ट्रॅकच्या टेपच्या डबीएवढे जाड, पिवळेधमक कार्ट्रिज केले आणि ते यंत्रात सरकवून बसवण्याची व बाहेर काढण्याची स्वतंत्र यंत्रणा तयार केली. आपल्याकडे पुढे या वस्तूला ‘कॅसेट’ म्हटले गेले ते गाण्यांच्या कॅसेटवरून. आत टेप नसताना हे नाव का, असे मला मुले विचारायची. पण पहिल्याच कार्ट्रिजचा आकार टेपच्या डबीसारखा होता हे कळल्यापासून आपल्या लोकांनी दिलेले नाव मला चुकीचे वाटेनासे झाले आहे.

सरकारी मंजुरीचा त्रास वेगळाच. टीव्हीला जोडलेल्या यंत्रातून बाहेर पडणाऱ्या लहरींमुळे शेजारच्या टीव्हीवर खरखर येऊ नये, म्हणून अमेरिकेच्या दळणवळण आयोगाचे नियम अतिशय कडक होते. मायक्रोप्रोसेसर हा अशा लहरींचा कारखानाच असतो. यंत्राला धातूच्या आवरणात बंद करावे लागले आणि प्रत्येक नवे कार्ट्रिजही आयोगाकडे तपासणीला पाठवावे लागायचे. एवढे करून नोव्हेंबर १९७६ मध्ये ‘व्हिडिओ एन्टरटेनमेंट सिस्टिम’ या नावाने हे यंत्र १६९.९५ डॉलरला विक्रीला आले. पुढे त्याचे नाव ‘चॅनल एफ’ झाले. कार्ट्रिजची किंमत १९.९५ डॉलर होती आणि अशी पंचवीसहून अधिक निघाली. पहिल्याच कार्ट्रिजमध्ये यंत्राविरुद्ध फुली-गोळा खेळता यायचा.

त्या यंत्रातल्या प्रोसेसरची कामाची मेमरी फक्त ६४ बाइट होती. चित्रासाठी २ किलोबाइट वेगळी. ६४ बाइट म्हणजे किती, तर आजच्या संगणकात देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणजे जेमतेम २१ चिन्हे. एवढ्या जागेत चेंडू, खेळाडू, गुण आणि वेळ यांचा हिशेब ठेवायचा. हँडलही विलक्षण होते : दांड्याच्या टोकाला त्रिकोणी मूठ, ती आठ दिशांना ढकलता यायची, पिळता यायची, शिवाय वर ओढता आणि खाली दाबताही यायची. खेळ मध्येच थांबवण्यासाठी ‘होल्ड’ हे बटण होते. आईने जेवायला हाक मारली की खेळ थांबवून ठेवायची जी सोय आज प्रत्येक खेळात गृहीत धरली जाते, ती घरगुती यंत्रावर इथे होती.

आरसीए कंपनीच्या ‘स्टुडिओ २’ या यंत्राचीही नोंद व्हायला हवी, कारण तेही अटारीच्या आधीचे आहे. जोसेफ वाइझबेकर यांनी विकसित केलेल्या तंत्रावरचे हे यंत्र जानेवारी १९७७ मध्ये आले. कार्ट्रिज होते, परंतु चित्र काळे-पांढरे आणि हँडलऐवजी यंत्रावरच दहा-दहा बटणांचे दोन संच. लोकांना ते रुचले नाही आणि सुमारे वर्षभरात ते बंद झाले. त्याची १८०२ ही चिप मात्र पुढे गुरू ग्रहाकडे गेलेल्या गॅलिलिओ यानात बसली. वाइझबेकर यांची मुलगी जॉइस हिने १९७६ साली, महाविद्यालयीन वयात, या यंत्रासाठी खेळ लिहिले. व्यावसायिक व्हिडिओ गेम लिहिणारी पहिली स्त्री म्हणून आज तिचे नाव घेतले जाते. मुलींना या क्षेत्रात रस नसतो असे म्हणणाऱ्यांना हे अवश्य सांगावे.

अटारीचे यंत्र सप्टेंबर १९७७ मध्ये आले. ते जास्त रंगीत होते, त्याचे खेळ चपळ होते, आणि पुढे ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ त्यावर आल्यानंतर त्याने बाजार जिंकला. त्याचे यश मी नाकारत नाही. परंतु सर्वांत जास्त खपलेले आणि सर्वांत आधी आलेले, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या लेखात त्यांची गल्लत झाली आहे.

या इतिहासाचा आपल्या घरांतल्या टीव्ही गेमशी सरळ संबंध आहे. नव्वदच्या दशकातल्या त्या नकली यंत्रासोबत मिळणारी बदके मारायची बंदूक घ्या. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा व्हायचा, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा आणि बंदुकीच्या नळीतला प्रकाशसंवेदक तो पाहायचा. टीव्हीसाठी अशी बंदूक बेअर यांच्या गटाने साठच्या दशकातच केली होती आणि ओडिसीसाठी ती वेगळी विकत मिळत असे. ती इतकी साधी होती की टेबलावरच्या दिव्याकडे धरली तरी नेम लागला असे दाखवायची.

कॅसेटचा वादही निन्टेन्डोपर्यंत पोहोचला. किर्शनर आणि हॅस्केल यांच्या कामावर अल्पेक्सला १९७७ साली पेटंट मिळाले होते आणि त्याच्या आधारे अल्पेक्सने निन्टेन्डोवर दावा लावला. १९९४ साली ज्यूरीने अल्पेक्सला २५ कोटी डॉलरहून अधिक भरपाई मंजूर केली. १९९६ साली वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला. अल्पेक्सच्या पेटंटमध्ये पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्यासाठी मेमरीत स्वतंत्र जागा असल्याचे वर्णन होते आणि निन्टेन्डोची चित्र काढणारी चिप वेगळ्या पद्धतीने चालत होती, हे त्यामागचे कारण. म्हणजे भांडण चित्र कसे काढायचे यावर तुटले. कॅसेटची मूळ कल्पना कोणाची, याचे उत्तर त्याने बदलत नाही.

बेअर यांना २००६ साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळाले. २०१४ साली ते वारले. लॉसन यांना मात्र आयुष्याची बहुतेक वर्षे फारसे कोणी ओळखत नव्हते. गेम बनवणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने मार्च २०११ मध्ये त्यांचा सन्मान केला आणि ९ एप्रिल २०११ रोजी, म्हणजे जेमतेम महिन्याभरात, त्यांचे निधन झाले. हा क्रम वाचताना मला फार वाईट वाटले. ज्या माणसाने केलेल्या वस्तूच्या वंशजांना खोडरबर लावून मी कित्येक वर्षे माझे घर चालवले, त्याचे नाव तो गेल्यानंतर मला कळले. आपल्या लेखातही ते नसावे, हे मला सहन झाले नाही. म्हणून हे पत्र इतके लांबले, त्याबद्दल क्षमा असावी.

माझी आपणास दोन विनंत्या आहेत. पहिली वाचकांपर्यंत पोहोचवावी अशी : ज्यांच्या माळ्यावर जुना टीव्ही गेम किंवा कॅसेट पडून असेल त्यांनी ती भंगारात देण्याआधी जवळच्या आयटीआयमध्ये किंवा शाळेच्या प्रयोगशाळेत विचारून पाहावे. कॅसेट उघडून तिच्या साठ पिना मुलांना दाखवता येतात, आणि प्रोग्राम व यंत्र वेगळे असतात ही गोष्ट फळ्यावर तासभर समजावण्यापेक्षा तिथे पाच मिनिटांत कळते. माझ्याकडच्या चार पट्ट्या मी अशाच एका शाळेला दिल्या आहेत.

दुसरी विनंती दुरुस्तीची. येत्या पुरवणीत जागा असेल तेथे, चौकटीत दिली नाही तरी चालेल, पण पुढील मजकूर जसाच्या तसा छापावा : ‘घरगुती टीव्हीवर चालणारे पहिले व्हिडिओ गेम यंत्र मॅग्नावॉक्स कंपनीचे ओडिसी, १९७२, रचना राल्फ बेअर, बिल हॅरिसन आणि बिल रश. प्रोग्राम साठवलेल्या बदलत्या कार्ट्रिजचे पहिले घरगुती यंत्र फेअरचाइल्ड कंपनीचे चॅनल एफ, नोव्हेंबर १९७६. मूळ नमुना वॉलेस किर्शनर आणि लॉरेन्स हॅस्केल, विक्रीयोग्य रचना जेरी लॉसन, रॉन स्मिथ आणि निक टॅलेसफोर.’

आपला विश्वासू,
एक निवृत्त टीव्ही मेकॅनिक,
जि. सांगली